मागच्या गल्लीतून मँचेस्टर

मँचेस्टरमधल्या कुठल्याही जुन्या, काळवंडलेल्या विटांच्या इमारतीबद्दल विचारा, ‘इथे गिरणी होती’ असे उत्तर येते. शहराच्या मध्यभागी तरी ते बहुतेक वेळा चूक असते. १८५३ साली इथल्या कापूसगिरण्यांची संख्या १०८ वर पोचली आणि मग उतरत गेली. कातण्याचे काम ओल्डहॅम-बोल्टनकडे सरकले, विणण्याचे ब्लॅकबर्न-बर्नलीकडे. मँचेस्टरकडे राहिला तो बाजार. आसपासच्या गावांतून आलेले कापड तपासायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, घड्या घालून, दाबून, गठ्ठे बांधून जगभर रवाना करायचे. पोर्टलंड स्ट्रीट, प्रिन्सेस स्ट्रीट, व्हिटवर्थ स्ट्रीट इथे दुतर्फा जे महाल उभे आहेत, त्यांतले कितीतरी या कापडाच्या वखारी आहेत.

*

पोर्टलंड स्ट्रीटवरचे ब्रिटानिया हॉटेल ही त्यांतली सगळ्यात थोरली वखार. एस. अँड जे. वॉट्स या घाऊक कापडव्यापाऱ्यांनी ती १८५६ मध्ये पुरी केली. एक मजला इटालियन धाटणीचा, दुसरा एलिझाबेथच्या काळातला, मग फ्रेंच, मग फ्लेमिश, आणि वर चार मनोरे. हा डामडौल उगाच नव्हता. गावोगावचे दुकानदार इथे स्वतः येऊन माल निवडत. पेढी किती भक्कम आहे याची पहिली खात्री त्यांना या भिंतींनीच करून द्यायची होती. आत शिरताना ‘द सेंट्री’ हा शिल्पकार जॅगरने घडवलेला ब्राँझचा सैनिक दिसतो. पहिल्या महायुद्धात पडलेल्या पेढीच्या नोकरांचे ते स्मारक. या झुंबरांच्या घरात कारकून, हमाल, गठ्ठे बांधणारे दिवसभर राबत होते, हे मला त्या सैनिकाने जितके सांगितले तितके दर्शनी भागाने नाही.

*

इमारतीचा मूळ वापर ओळखायचा तर मागच्या गल्लीत जावे. इथे तर गल्ल्यांची नावेच तशी आहेत: बॅक पिकॅडिली, बॅक जॉर्ज स्ट्रीट. पुढे पायऱ्या, खांब, कोरीव काम; मागे माल चढवण्या-उतरवण्याची दारे. जमिनीपासून तीन-चार मजले वर एखादे पुरुषभर उंचीचे दार भिंतीत उघडते आणि त्याच्यासमोर ना सज्जा ना जिना, असे दिसले की कप्पीचा दोर तिथून खाली येत असणार हे समजावे. कोपऱ्यांवर घोडागाड्यांच्या चाकांपासून भिंत वाचवायला बसवलेले दगड किंवा लोखंड अजून सापडते.

*

व्हिटवर्थ स्ट्रीटवरचे इंडिया हाऊस १९०६ चे. राणी व्हिक्टोरिया जाऊन पाच वर्षे झाली होती, पण घडण आणि काम दोन्ही तिच्याच काळातले. पुढून ते एखाद्या विमा कंपनीसारखे भारदस्त. मागे गेल्यावर चकचकीत पांढऱ्या विटा आणि काचाच काचा. कारण अगदी साधे: कापडाचा रंग आणि विणीतला दोष दिवसाच्या उजेडातच कळतो. गिरण्यांच्या धुराने झाकोळलेल्या या शहरात जेवढा उजेड मिळेल तेवढा हवा होता, म्हणून विटासुद्धा तो परतवणाऱ्या घेतल्या. आता तिथे फ्लॅट आहेत.

*

वखारीचे खरे यंत्र तळघरात असे: गठ्ठे दाबण्याचा हायड्रॉलिक प्रेस. जहाजाचे भाडे माल किती जागा अडवतो यावर आकारत, त्यामुळे दाबून वाचवलेला प्रत्येक इंच म्हणजे रोकडा पैसा. सुरुवातीला ज्याची त्याची वाफयंत्रे आणि पंप होते. १८९४ पासून नगरपालिकेने रस्त्यांखालून जाड नळ टाकून प्रचंड दाबाचे पाणी विकायला सुरुवात केली. त्या पाण्यावर वखारींतले प्रेस आणि मालाच्या लिफ्ट चालत, टाऊन हॉलच्या घड्याळाला चावीही त्यानेच दिली जाई. हा पुरवठा १९७२ पर्यंत चालू होता. वॉटर स्ट्रीटच्या बाजूचे १९०९ चे पंपघर आज पीपल्स हिस्टरी म्युझियमचा भाग आहे; कष्टकऱ्यांच्या इतिहासाला यापेक्षा रास्त जागा मिळाली नसती.

खानदेश-वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला प्रेस समजावून सांगावा लागत नाही. तिकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गासड्या दाबायच्या, इकडे कापडाचे गठ्ठे. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते ६५ या काळात तिथला कापूस आटला, तेव्हा लँकेशायरने आपल्याकडचा आखूड धाग्याचा ‘सुरती’ कापूस नाइलाजाने घेतला. तो सारखा तुटे आणि कामगार हैराण होत, कारण मजुरी कामाच्या मापावर होती. त्याच काळात या कापसामुळे मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला. इथल्या इमारतींचा विचार करताना ही दोन्ही टोके माझ्या मनात एकदम येतात. तो हिशेब एकाच वहीतला आहे.

*

हिंदुस्थानात जाणाऱ्या ठाणांवर रंगीत टिकिटे चिकटवत. देव-देवता, हत्ती, राजे. ती इथेच छापली जात. अक्षर न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला चित्रावरून माल ओळखता यावा, ही सोय. म्हणजे कुठल्यातरी वखारीच्या मजल्यावर लक्ष्मीचे किंवा कृष्णाचे चित्र धोतरजोडीवर डकवणारा, त्या देवांची नावेही ठाऊक नसलेला माणूस उभा असणार. अशी खोली नेमकी कुठली, हे शोधायची मला फार इच्छा आहे.

*

असा शोध घ्यायला कागदांपैकी सर्वात उपयोगी स्लेटरची डिरेक्टरी. रस्ता धरून, क्रमाने, कुठल्या क्रमांकावर कोण बसत होते ते छापलेले. घरांचे क्रमांक पुढे बदलले असतील तर फसगत होते. पण मधे कुठला आडरस्ता येतो तेही त्यात दिलेले असते, आणि त्यावरून आपली इमारत मोजत मोजत गाठता येते. एकाच पत्त्यावर अनेक पेढ्या निघाल्या की ती वखार मजल्या-मजल्याने भाड्याने दिलेली होती असे धरावे.

दुसरे म्हणजे गोडचे विम्याचे नकाशे. चार्ल्स गोडने ब्रिटिश शहरांचे हे नकाशे १८८० च्या दशकात काढायला घेतले, आगीचा धोका जोखण्यासाठी. वीट गुलाबी, लाकूड पिवळे, काचेचे छप्पर निळे. मजले किती, आत धंदा कुठला, सगळे टिपलेले. विमेवाल्याला सौंदर्याशी काही कर्तव्य नव्हते, म्हणूनच त्याची साक्ष मला वास्तुशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

*

काही इमारती स्वतःच बोलतात. घाऊक मासळीबाजाराच्या (१८७३) भिंतीवर कोळ्यांच्या जीवनाचे कोरीव देखावे आहेत. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या मालधक्क्याने तर कंपनीचे नाव माथ्यावर फिरवून पांढऱ्या विटांत लिहिले आहे.

*

शहरातल्या अँकोट्स भागात मात्र खऱ्याखुऱ्या गिरण्या. मरे बंधूंची गिरणी १७९८ पासूनची. चारी बाजूंनी इमारती आणि मधे कालव्याचे कुंड, रस्त्याखालच्या बोगद्याने रॉचडेल कालव्याला जोडलेले. गिरणी ओळखायची ती खांबांवरून. ओतीव लोखंडाच्या खांबाच्या वरच्या अंगाला सपाट चौकोनी तोंडे आणि बोल्टची भोके असतील, तर तिथे शाफ्टचे ब्रॅकेट होते, म्हणजे त्या मजल्यावर यंत्रे फिरत होती. वखारीच्या माल ठेवायच्या मजल्यांवर शाफ्ट नसे. फ्लॅट करताना बिल्डर नेमके हेच खांब प्लास्टरने गुळगुळीत करतात किंवा खोट्या पेटीत बंद करतात, आणि दर्शनी भाग जपल्याचे समाधान मानतात. मला हे पटत नाही. निदान आधी फोटो काढून, मोजमाप घेऊन ते दफ्तरात जमा करायला लावावे.

*

‘मूळ वापर’ या शब्दांनाच ब्राउन्सफील्ड मिल आव्हान देते. १८२५ च्या सुमारास बांधली, तीच मुळी खोली आणि वाफेची शक्ती भाड्याने देण्यासाठी. भाडेकरू बदलत राहिले. पुढे तिथे हम्फ्री रो यांचा पँटचे पट्टे करण्याचा कारखाना होता, आणि १९१० मध्ये त्यांचे भाऊ ए. व्ही. रो यांनी त्याच इमारतीत विमाने बनवायला सुरुवात केली. अॅव्हरो कंपनीचा जन्म तिथला. अशा ठिकाणी एका धंद्याचे नाव लिहून मोकळे होता येत नाही. साल आणि मजला दोन्ही लिहावे लागतात.

*

रॉयल एक्स्चेंज या कापूसबाजारातला सौदा १९६८ मध्ये थांबला, १९७६ पासून तिथे नाट्यगृह आहे. वर भावफलकावर शेवटच्या दिवसाचे कापसाचे भाव तसेच ठेवले आहेत. शहरात इतर कुठे ही अक्कल दाखवली आहे का, पाहायचे आहे.

*

पुढच्या खेपेला: लंडन रोडचे अग्निशमन केंद्र (१९०६). तिथेच पोलीस चौकी, रुग्णवाहिका, बँक, अपमृत्यूंची चौकशी करणारे न्यायालय आणि गॅसचे मीटर तपासण्याची जागा होती. गॅस मीटरवाले कुठल्या दाराने ये-जा करत, ते नकाशावर शोधायचे.