पान सापडले नाही

मंडळी, महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेला जाऊन शेवटच्या रांगेत बसू नये. तिथून निसटता येते हा गैरसमज आहे. कोलोनमध्ये गेल्या वर्षी जानेवारीतल्या सभेत चहापूर्वीचा शेवटचा विषय होता ‘संकेतस्थळ’. अध्यक्षांनी विचारले, “कोण बघणार?” सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. “आपण इंजिनियर ना!” कोणीतरी म्हणाले. आम्ही मेकॅनिकल इंजिनियर आहोत, आखेनला मास्टर्स केले तेही गियर आणि बेअरिंगमध्ये, हे सांगून काहीही उपयोग झाला नाही. वडे गरम होते, लोकांना भूक लागली होती. ठराव एकमताने पास!

सौ. म्हणाल्या, “घरातला नळ गळतोय तो दोन महिने तसाच आहे, आणि निघाले मंडळाची वेबसाइट दुरुस्त करायला.”

आमचे जुने संकेतस्थळ म्हणजे कोकणातल्या वाड्यासारखे होते. मूळ दोन खोल्या एका काकांनी २००१ साली स्वतःच्या हाताने बांधल्या, म्हणजे एचटीएमएलची पाने नोटपॅडमध्ये एकेक ओळ लिहून. पुढे २०११ च्या सुमारास कोणा हौशी तरुणाने शेजारी वर्डप्रेसचा नवा माडीचा भाग काढला, आणि नोकरी बदलून तो म्युनिकला गेला. त्यानंतर डागडुजी नाही. आतले पीएचपी इतके जुने झाले होते की जागा पुरवणारी कंपनी ‘जुन्या आवृत्तीच्या देखभालीपोटी’ दरमहा जादा पैसे कापत होती. ‘संपर्क’ पानावर २०१४ चे अध्यक्ष हसत होते. इम्प्रेसुममध्ये, म्हणजे जर्मनीत बंधनकारक असलेल्या नावपत्त्याच्या पानावर, अजून टेलेमेडिएनगेझेट्स या कायद्याचा हवाला होता. तो कायदा मे २०२४ मध्ये जाऊन त्याच्या जागी नवा डिजिटल सेवा कायदा आला, हे आमच्या वाड्याला कोणी कळवलेच नव्हते. शिवाय अक्षरांचे फाँट थेट गूगलच्या सर्व्हरवरून येत होते. २०२२ च्या जानेवारीत म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी एका संकेतस्थळाच्या मालकाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली होती. आमच्या खजिनदारांनी हे ऐकले आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तेव्हा ठरले, वाडा सोडायचा आणि फ्लॅटमध्ये जायचे. हल्ली एआयवर चालणारे वेबसाइट बिल्डर निघाले आहेत. आपण चार वाक्यांत सांगायचे, ‘आम्ही अमुक संस्था, आम्हाला तमुक पाने हवीत’, की दोन मिनिटांत संकेतस्थळ तयार. कोड नाही, प्लगइन नाही, अपडेट नाही. आमच्यानंतर हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याला गियर-बेअरिंगवाला असूनही जमेल, हा आमचा खरा हेतू.

पण आधी जुन्या घराची किल्ली हवी. मूळ पासवर्ड कोणाकडे? काकांकडे. काका निवृत्तीनंतर पुण्याला परतले आणि २०२० मध्ये गेले. आम्ही भीतभीतच काकूंना फोन केला. त्यांनी डायरी काढली, चष्मा शोधला, आणि पासवर्ड वाचून दाखवला. काकांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर होता तो. “ह्यांना दुसरं काही लक्षात राहायचं नाही,” काकू म्हणाल्या. जाता जाता विचारलं, “काय करताय साइटचं?” आम्ही म्हटलं, “काही नाही काकू, जरा रंगरंगोटी.” हे वाक्य आम्हाला पुढे फार महागात पडले.

शनिवारी रात्री आम्ही आणि आमची कन्या कॉम्प्युटरसमोर बसलो. जुन्या साइटचा पत्ता दिला, चार ओळी लिहिल्या, बटण दाबले. खरोखर दोन मिनिटांत संकेतस्थळ उभे राहिले! आणि काय उभे राहिले! पहिल्याच पानावर ताजमहाल. त्याच्यापुढे भरतनाट्यम करणाऱ्या चार मुली, पैकी एकीला सहा बोटे. मजकूर होता, ‘आमच्या जीवंत समुदायात आपले स्वागत आहे! आजच आपला सांस्कृतिक प्रवास सुरू करा!’ कन्या म्हणाली, “बाबा, हे मराठी आहे, पण मराठी माणूस असं बोलतो का?” जर्मनीत जन्मलेल्या मुलीने हा प्रश्न विचारावा, याचा आम्हाला इतका आनंद झाला की सहा बोटांचे आम्ही विसरूनच गेलो.

ताजमहाल काढला, आमच्या गणपतीचा फोटो लावला. मजकूर सरळ केला: ‘या, बसा. पुढचा कार्यक्रम अमुक तारखेला.’ लहान मुलांचे जुने फोटो पालकांना विचारल्याशिवाय ठेवायचे नाहीत असे ठरवले. नोंदणीचा फॉर्म, कार्यक्रमांचे कॅलेंडर, मोबाइलवर नीट दिसणे, या सगळ्या बाबतीत मात्र यंत्राने कमाल केली. जे करायला आम्हाला सहा महिने लागले असते ते दोन शनिवारांत झाले. याचे श्रेय द्यायलाच हवे.

पहिली ठेच लागली ती पोस्टाची. नाव जुनेच ठेवून घर बदलायचे म्हणजे इंटरनेटच्या नोंदवहीत, डीएनएसमध्ये, पत्ता बदलावा लागतो. तिथे दोन नोंदी असतात: एक, घर कुठे आहे, दुसरी, टपाल कुठे टाकायचे. दुसरीला एमएक्स म्हणतात. आम्ही सगळी वहीच नव्या ठिकाणी हलवली, घराची नोंद केली आणि टपालाची विसरलो. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची नोंदणी अगदी रंगात आलेली, आणि चार दिवस मंडळाला एकही ईमेल नाही! आम्हाला वाटले, नवी साइट लोकांना आवडली नाही. शेवटी एका वहिनींनी फोन करून झाडले, “पत्रं परत येताहेत, मंडळ बंद केलंत की काय?” दुरुस्ती पाच मिनिटांची होती, माफी मागायला आठवडा लागला. तेव्हा कोणी असे स्थलांतर करणार असाल, तर वहीला हात लावण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

मार्चअखेर जुन्या जागेचा करार संपवला. जादा पैसे वाचले. खजिनदार हसले. आम्ही नळसुद्धा दुरुस्त केला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी पुण्याहून फोन. काकू. आवाज नेहमीसारखा नव्हता. “अरे, ह्यांचं ते पान दिसत नाही. ‘पान सापडले नाही’ असं येतंय. आज ह्यांचा वाढदिवस. मी दर वर्षी उघडते.”

आमच्या पोटात गोळा आला. ते पान आम्हाला माहीतच नव्हते!

मग शोध सुरू झाला, तेव्हा उलगडा झाला तो असा. काकांच्या मूळ दोन खोल्या, म्हणजे जुन्या अंकांतले लेख, वर्डप्रेसच्या बाहेर एका वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एकच दुवा होता, ‘जुने’. यंत्राने तो दुवा उघडून पाहिला असणार, पण त्याला तिथे मराठी दिसलेच नाही. कारण काकांनी ते लेख त्या काळच्या फाँटमध्ये लिहिले होते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण घरच्या कॉम्प्युटरला ती वाचता येऊ लागली विंडोज २००० पासून. आणि सवय बदलायला आणखी दहा वर्षे गेली. तोवरचे फाँट म्हणजे मुखवटे होते. आत साठवलेली अक्षरे इंग्रजीच, वरून दिसायला मराठी. ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथे सगळी खिचडी. काकूंच्या घरी काकांचाच जुना कॉम्प्युटर होता, त्यावर तो फाँट होता, म्हणून तिथे पान दिसायचे. यंत्राला ती खिचडी कचरा वाटली आणि त्याने ती गाळली. यंत्राला का दोष द्या? आम्ही तरी कुठे उघडून पाहिले होते? आमच्याकडच्या बॅकअपमध्ये वर्डप्रेसचा डेटाबेस होता, फोल्डर नव्हते. जुन्या कंपनीने करार संपल्यावर नियमाप्रमाणे सगळे पुसून टाकले होते.

कोलोनच्या माणसाला अशा वेळी एक आठवण येतेच. ३ मार्च २००९ रोजी दुपारी सेव्हेरिनस्ट्रासवरचे शहराचे ऐतिहासिक दप्तरखाने मेट्रोच्या खोदकामामुळे कोसळले. शेजारच्या घरांतले दोन तरुण गेले, आणि सुमारे तीस किलोमीटर लांबीची कागदपत्रे, हजार वर्षांची, चिखलात आणि भूजलात गेली. बहुतेक कागद पुढे बाहेर काढले गेले, ओले कागद गोठवून वाळवले, चिंधी चिंधी जुळवायचे काम अजून संपलेले नाही. आयफेलवॉलला २०२१ मध्ये नवी इमारत झाली. आम्ही ती पाहायला गेलो होतो आणि ‘किती ही चिकाटी!’ म्हणून माना डोलावल्या होत्या. आणि इथे आमच्या मंडळाचे दप्तर आम्हीच एका क्लिकने जमीनदोस्त केले होते. ना मेट्रो, ना भूजल.

कोलोनच्या बोलीत एक म्हण आहे, ‘वाट फॉट एस, एस फॉट’. गेलं ते गेलं. कार्निव्हलमध्ये ती म्हणायला बरी वाटते. वाढदिवसाच्या दिवशी काकूंना कशी म्हणणार?

तारले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हने. ही संस्था १९९६ पासून जगभरची संकेतस्थळे साठवून ठेवते. तिच्या वेबॅक मशीनमध्ये आमचा जुना पत्ता टाकला, वर्षे मागे सरकवली, आणि २००७ सालच्या एका दिवशी काकांचे फोल्डर सापडले! खिचडी जशीच्या तशी. दोन पाने आणि सगळे फोटो मात्र तिथेही नव्हते. ते गेलेच.

आता खिचडीतून तांदूळ वेचायचे. त्यासाठी रूपांतर करणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. पण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. आणि रफार नेमका उलटा. प्रोग्रॅमला हे नीट कळले नाही तर ‘कविता’ची ‘किवता’ होते, ‘महिना’चा ‘मिहना’ आणि ‘वर्ष’चे ‘वषर्’. मग कन्या आणि आम्ही तीन रविवार बसलो. ती मोठ्याने वाचायची, आम्ही दुरुस्त करायचो. ‘रफार’ म्हणजे काय हे तिला शाळेच्या कोणत्याही वर्गात जमले नव्हते ते या निमित्ताने जमले.

लेख होता १९९१ सालच्या गणपतीचा. कोलोनच्या एका दोन खोल्यांच्या घरात पाच कुटुंबे जमलेली. दूर्वा नाहीत, म्हणून काका पोल गावाजवळच्या ऱ्हाइनकाठच्या कुरणातून साधे गवत खुडून घेऊन आले. ओला नारळ नाही, म्हणून केकसाठी मिळणारा सुका कीस दुधात भिजवून काकूंनी एकवीस मोदक केले. आरती रंगात आली आणि दहा वाजून गेले. खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करायला वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, मग खुर्ची मागून बसल्या. पुढच्या वर्षी त्या फुले घेऊन पावणेआठलाच हजर. बस्स, एवढेच. काकांनी शेवटी काही तात्पर्यबित्पर्य लिहिले नव्हते.

हा मजकूर नव्या साइटवर चढवताना आमचा हात चुकून ‘मजकूर सुधारा’ या बटणावर गेला. क्षणात लेख सुधारला: ‘१९९१ मधील अविस्मरणीय गणेशोत्सवाने दोन संस्कृतींमध्ये मैत्रीचा सेतू उभारला.’ गवत गेले. नारळाचा कीस गेला. आजींची खुर्ची गेली. व्याकरण मात्र बिनचूक. कन्या ओरडली, “बाबा, परत घ्या, परत घ्या!” घेतले.

तेव्हा आम्हाला आमच्या कामातली चूक कळली. कार्यक्रम कधी, वर्गणी किती, हॉल कुठला, हे दर वर्षी बदलणारे आहे. ते यंत्राने सजवावे, खुशाल सजवावे. पण जे एकदाच घडले आणि एकाच माणसाने लिहिले, ते त्याला सुधारायला देऊ नये. आम्ही नव्या साइटवर ‘जुने कपाट’ नावाचा भाग केला. साधी पाने, सजावट शून्य. जुन्या पत्त्यावर जाणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी नोंद केली. एक प्रत डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या सभासदाकडे, आणि एक चक्क कागदावर छापून. पासवर्ड आता तिघांना माहीत आहे. स्कूटरचा नंबर नाही!

काकूंना फोन केला. “आता उघडा.” पलीकडे बराच वेळ शांतता. आम्हाला वाटले लाइन गेली. मग काकू म्हणाल्या, “दिसलं रे.” आणि थोड्या वेळाने, “पण एक चूक आहे. मोदक एकवीस नव्हते. तीन फुटले होते, अठराच होते. ह्यांनी उगीच एकवीस लिहिलंय. तुमचं ते मशीन दुरुस्त करतं ना?”

आम्ही म्हटलं, “करतं काकू, पण नको करायला.” लेख तसाच ठेवला. खाली फक्त एक ओळ टाकली: ‘मोदक अठरा होते. — काकू.’

वाचकहो, तुमच्याही मंडळाचे घर कधीतरी हलणार आहे. आमची एकच विनंती. जुन्या घराला कुलूप लावण्याआधी तळाच्या बारीक अक्षरांतल्या दुव्यावर एकदा टिचकी मारा. आणि १९९० च्या दशकातले आमच्या मंडळाचे अंक कोणाच्या तळघरात, खोक्यात पडले असतील तर कृपया कळवा. दोन पाने अजून सापडायची आहेत.