दोन आसनांची गाडी
निस्सान ३७०झेड ही जपानी मोटार आम्ही सुरतेस घरी आणली, तेव्हा मातुःश्रींनी विचारले, "आणि नातवंडे कोठे बसावयाची?" १९६९ साली आरंभ झालेल्या झेड मालिकेतील ही गाडी, इंजिन ३.७ लिटरचे, आसने मात्र दोनच! मग रविवारच्या पाळ्या लागल्या. एका वेळी एकच जण.

परवा चिरंजिवांची पाळी होती. डुमसच्या ओल्या रस्त्यावर ते प्रथमच बोलले, "बाबा, मी कापडाच्या पेढीवर बसणार नाही." संतापाने पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जाणार, तोच आवरला. इंजिनाचा सारा जोर मागच्या चाकांवर. पावसात घाई केली, की मागची बाजू घसरू पाहते. जिभेसही तसेच आवरले. समुद्र येईपर्यंत आम्ही केवळ ऐकत राहिलो. भरल्या घरात हे ऐकावयाचे राहूनच गेले होते.