डिफॉल्ट व्हॅल्यू

चिकटवणे या विषयातलं माझं ज्ञान म्हणजे पतंगाला लावायचं भाताचं शीत आणि शाळेच्या प्रोजेक्टचा फेव्हिकॉल. बास! पण मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त चाकणच्या एका कारखान्यात गेलो आणि मस्त तोंडावर आपटलो. तीच गोष्ट आज सांगतो.

तिथे रेल्वेच्या डब्यांसाठी फ्रेममध्ये काचा चिकटवतात. ना स्क्रू, ना बोल्ट. माल युरोपला जाणार, म्हणून सर्टिफिकेट हवं. पूर्वी यासाठी जर्मनीचं डिन ६७०१ होतं, २०२२ मध्ये त्याच्या जागी ईएन १७४६० आलं. प्रत्येक सांध्याला वर्ग द्यायचा: सुटला तर जिवाला धोका, की नुसती गैरसोय? धोका जितका मोठा तितक्या अटी कडक. प्रशिक्षित माणसं, नेमून दिलेला जबाबदार सुपरवायझर, प्रत्येक पायरीची नोंद. ते नोंदीचं सॉफ्टवेअर आमचं.

सुपरवायझरना सगळे भाऊ म्हणतात. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, एवढा व्याप कशाला? काच बसली की शेवटी टेस्ट करा ना."

भाऊ हसले. "सांधा किती मजबूत होता ते तुटल्यावरच कळतं. तोडून बघितला तर विकू काय?"

अल्ट्रासाउंडने आतली पोकळी दिसते. पण दोन पृष्ठभाग नुसते टेकलेत, धरलेले नाहीत, हे बहुतेक वेळा दिसत नाही. त्याला 'किसिंग बाँड' म्हणतात (हसू नका!). म्हणून सोबत नमुने बनवून ते तोडायचे, आणि खऱ्या सांध्यासाठी भरवसा ठेवायचा तो नोंदींवर. पुसलं कधी, प्रायमर किती वेळ वाळला, हवा कशी होती.

२८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं सुमारे १८ फूट छत २४ हजार फुटांवर उडून गेलं. एक हवाई सेविका दगावली. त्या जुन्या ७३७ मध्ये पत्र्यांच्या सांध्यात रिव्हेटबरोबर ॲडहेसिव्हही होतं. लावताना ओलावा आला किंवा पृष्ठभाग नीट तयार नसला, तर त्याची पकड कच्ची राहायची. ते सुटलं, गंज शिरला, भार रिव्हेटवर आला, भेगा वाढत गेल्या. अहवालात मुख्य ठपका देखभालीवर होता, की हे वेळेत सापडलं नाही. पण कच्चेपण मुळातच होतं, आणि विमान १९६९ चं. १९ वर्षं!

आता माझा पराक्रम. फॉर्ममध्ये तापमान आणि आर्द्रतेच्या खोक्यांत मी आधीच २३ आणि ५० भरून ठेवलं होतं. लॅबची प्रमाण हवा. युजरचे क्लिक वाचतात, म्हणून डेमोत कौतुकही झालं होतं.

ऑडिटच्या आधी भाऊंनी नोंदी उघडल्या. "मे महिन्यातल्या दुपारी चाकणला ५० टक्के? आणि एसी बंद होता त्या दिवशीपण २३?"

सहा आठवडे, प्रत्येक नोंद तीच. ऑपरेटर बिचारे खोकं भरलेलं दिसलं की पुढे जात होते. तिथलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं. कोरड्या हवेत वेळ जास्त लागतो. पुरेसा वेळ दिला होता का? सांगायला कोणीच नाही. कदाचित सगळे सांधे उत्तम असतील. पण भाऊंनी सही केली नाही. एकतीस काचा कापून काढल्या आणि पुन्हा चिकटवल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

आमच्याकडे चुकलं तर रात्री पॅच टाकतो. इथे पॅच नाही. नोंद हाच पुरावा, आणि तो मी आधीच भरून ठेवला होता.

आता ती खोकी रिकामी असतात, रीडिंग घेतल्याशिवाय सेव्ह होत नाही. पहिल्या दिवशी ऑपरेटरनी शिव्या घातल्या. खाल्ल्या.

असो. परवा लोकलमध्ये खिडकीशी बसलो होतो. काचेच्या कडेची काळी रेघ बघत बसलो. कोणीतरी कधीतरी इथेही नोंद केली असेल.

खरी केली असेल ना?