परवाना चालू, यादी मात्र जुनी

सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा मोसम आहे. अहवालाची पुस्तकं घरोघरी आली असतील. आपण आधी लाभांशाचं पान उघडतो, मग संचालकांचे फोटो बघतो आणि पुस्तक रद्दीत जातं. पण आत कुठेतरी एक ओळ असते: संगणक यंत्रणेची सुरक्षा तपासणी झाली, गंभीर त्रुटी आढळल्या नाहीत. ही ओळ शंभर टक्के खरी असू शकते आणि तरीही तिला काडीची किंमत नसू शकते. ते कसं, हे जरा सविस्तर लिहितो. तालुक्याच्या बँका, पतसंस्था, नगरपालिका यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं.

तपासणी म्हणजे बहुतेक वेळा काय? स्कॅनर नावाचं एक सॉफ्टवेअर बँकेच्या नेटवर्कवर फिरवायचं. ते प्रत्येक कॉम्प्युटरचं दार ठोठावतं आणि आपल्याजवळच्या यादीतली ज्ञात भोकं तिथे आहेत का ते बघतं. यात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव नेसस. रेनॉ देरेझाँ यांनी १९९८ मध्ये ते सुरू केलं तेव्हा ते मुक्त सॉफ्टवेअर होतं. २००५ मध्ये टेनेबल कंपनीने पुढची आवृत्ती बंदिस्त केली, आणि जुन्या मुक्त कोडमधून ओपनव्हॅस उभं राहिलं. तेव्हापासून नेससला परवाना लागतो, आणि तो मुदतीचा असतो. टीव्हीच्या रिचार्जसारखं समजा.

लोकांचा घोळ इथेच होतो. परवान्याचे पैसे भरले म्हणजे तपासणी होते, असं संचालक मंडळाला वाटतं. खरं तर पैसे भरून मिळतो तो यादी ताजी करत राहण्याचा हक्क. ही यादी म्हणजे प्लगइन, आणि ती लाखाच्या वर गेलेली आहे. काल जाहीर झालेलं भोक आज तपासायचं तर यादीही आजची हवी. परवाना खिशात आणि यादी सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर स्कॅनर गेल्या मोसमातले चोर शोधत बसतो.

एक उदाहरण देतो. बँकेचं नाव सांगणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका बँकेने मला अहवाल दाखवला. क्रिटिकल रकान्यात शून्य. मंडळ खूश, ठराव पास. आठवा, १० डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजे प्रकरण जगजाहीर झालं होतं. जावाच्या असंख्य सॉफ्टवेअरमध्ये बसलेला एक छोटा तुकडा, आणि त्यातून बाहेरचा माणूस थेट सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. जगभरचे आयटीवाले त्या महिन्यात झोपले नव्हते. आणि या बँकेत शून्य! म्हटलं, अहवालाचं शेवटचं टोक दाखवा.

नेससच्या पूर्ण अहवालात १९५०६ क्रमांकाची एक नोंद असते. ती त्रुटीची नसते, माहितीची असते, म्हणून कुणी वाचत नाही. पण स्कॅन कधी झाला, कोणत्या आवृत्तीने झाला आणि यादी कोणत्या तारखेची होती, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. 'प्लगइन फीड व्हर्जन' या शब्दांपुढे लांबलचक आकडा असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. या बँकेत तो आकडा २०२१०८ ने सुरू होत होता. म्हणजे ऑगस्टची यादी. डिसेंबरमधलं भोक ऑगस्टच्या यादीला कसं सापडणार? परवाना मात्र मार्चपर्यंत वैध. कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

असं झालं कसं? स्कॅनरचं मशीन इंटरनेटपासून तोडलेलं होतं. हे चांगलंच आहे, कारण त्याच्या पोटात सगळ्या सर्व्हरचे पासवर्ड असू शकतात. पण मग यादी आपोआप येत नाही, हाताने आणावी लागते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर नेससची कमांड फेच आणि चॅलेंज या पर्यायांसह चालवली की एक लांब कोड मिळतो. तो घेऊन इंटरनेट असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जायचं आणि कंपनीच्या पानावर तो व अ‍ॅक्टिव्हेशन कोड भरायचा. त्यातून परवान्याची फाईल आणि यादी उतरवायची एक खास लिंक मिळते. फाईल पेनड्राइव्हवर आणून 'रजिस्टर-ऑफलाइन' करायची, यादीचा गठ्ठा आणून 'अपडेट' चालवायचं. चहा होईपर्यंत गठ्ठा उलगडतो (जुन्या मशीनवर दोन चहा). पुढे ताज्या यादीसाठी तीच लिंक पुन्हा वापरायची.

पुरवठादाराच्या इंजिनिअरने हे ऑगस्टमध्ये एकदा व्यवस्थित केलं. लिंक त्याच्या लॅपटॉपवर राहिली, अ‍ॅक्टिव्हेशन कोडचा मेल त्याच्या नावावर आला आणि दिवाळीआधी तो नोकरी सोडून पुण्याला गेला. बँकेकडे बिल होतं, दुसरं काहीच नव्हतं. मी 'कोड-इन-यूज' हा पर्याय चालवला, तेव्हा मशीननेच स्वतःचा अ‍ॅक्टिव्हेशन कोड सांगितला. तो हातात आल्यावर बँकेच्या नावाने कंपनीशी बोलता आलं. चार दिवसांनी नवी यादी बसली, स्कॅन पुन्हा झाला आणि शून्य गेलं. हजेरीच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर लॉगफोरजे बसलेलं होतं. नशीब, तो सर्व्हर बाहेरून दिसत नव्हता.

आता कुणी म्हणेल, गावच्या बँकेला कोण येतंय लुटायला? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेच परदेशातल्या एटीएममधून. तो हल्ला वेगळ्या प्रकारचा होता, त्याचा स्कॅनरशी संबंध जोडत नाही. पण त्यानंतर सहकारी बँका लहान आहेत म्हणून सुरक्षित आहेत, असं म्हणायची सोय राहिली नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांचे चार स्तर पाडून ती वाढवली. कागदावरचे नियम आहेत, आणि चांगले आहेत. माझा राग कागदावर नाही. शून्य दाखवणारा कागद मिळाला की सगळे खूश, तो शून्य कुठून आला हे विचारणारा कुणी नाही, राग त्यावर आहे.

त्याच नोंदीत आणखी एक ओळ असते, 'क्रेडेन्शियल्ड चेक्स'. तिच्यापुढे 'नो' असेल तर स्कॅनरला आत जाण्याचा पासवर्ड दिलेला नव्हता. म्हणजे घर रस्त्यावरून बघितलं, कुलूप दिसलं, आत वाळवी आहे का ते कळलं नाही. बाहेरून बघण्यालाही अर्थ असतो, पण मग अहवालात तसं लिहा.

चोरीच्या परवान्यांबद्दल बोलणं भाग आहे. फुकट, क्रॅक केलेली आवृत्ती बसवून तपासणी करून देणारे महाभाग आपल्याकडे आहेत. हे सॉफ्टवेअर रूटच्या अधिकाराने चालतं, तुमचे पासवर्ड मागतं. कुणी बदललं, आत काय घातलं, देव जाणे. त्यापेक्षा पैसे नसतील तर ग्रीनबोनची मोफत आवृत्ती वापरा, म्हणजे तेच जुनं ओपनव्हॅस. तिथेही फीड सिंक करण्याची एक कमांड आहे आणि ती वेळेवर चालवावी लागते. फुकट झालं म्हणून यादी आपोआप ताजी होत नाही.

सभेत हात वर करून काय विचारायचं, असं दोघा-तिघांनी इनबॉक्समध्ये विचारलं होतं. तपासणी झाली का, हे विचारू नका, 'हो' असं उत्तर तयार असतं. स्कॅनची तारीख आणि यादीची तारीख, दोन्ही विचारा. मधलं अंतर आठवड्याच्या वर असेल तर कारण विचारा. अ‍ॅक्टिव्हेशन कोड कुणाच्या मेलवर आला तेही विचारा. अध्यक्षसाहेब आयटी विभागाकडे बघतील, आयटीवाला पुरवठादाराकडे बघेल, आणि पुरवठादार सभेला आलेलाच नसेल. तरी प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. इतिवृत्तात आलं की पुढच्या वर्षी उत्तर द्यावं लागतं.

आणि जे संचालक हे वाचत असतील त्यांच्यासाठी: पुढच्या टेंडरमध्ये तीन वाक्यं घाला. परवाना संस्थेच्या स्वतःच्या मेलवर नोंदवायचा, कुणा व्यक्तीच्या नाही. ऑफलाइन मशीन असेल तर यादीची लिंक बंद पाकिटात सचिवांकडे द्यायची. आणि प्रत्येक अहवालाला १९५०६ ची नोंद जोडल्याशिवाय बिल मंजूर करायचं नाही. याचा मसुदा मी मराठीत टाइप करून ठेवलाय, अर्ध्या पानाचा आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो.