नावेतला चहा

आम्हा नगरकरांना पाण्याचं अप्रूप फार. शहराजवळच्या फरहबागेचा महाल एके काळी तलावाच्या मधोमध उभा होता. आज तो तलाव कोरडा आहे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पूर्वेकडची गावं टँकरची वाट पाहतात आणि पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्री पाऊस अडवून धरतो. म्हणूनच डिसेंबरच्या सुट्टीत मुलांनी ‘पाणी बघायचंय’ म्हटलं, तेव्हा भंडारदरा ठरला.

पहाटे फजरची नमाज आटोपून आम्ही सहाजण निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. प्रवरा नदीवरचं हे धरण 1926 साली पूर्ण झालं. इंग्रजांनी त्याला विल्सन डॅम आणि त्यामागच्या जलाशयाला आर्थर लेक अशी नावं दिली. उत्तरेला 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर आणि पाण्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथे प्रवरेचा उगम आहे तो रतनगड. पाणी इतकं शांत की डोंगर उलटे दिसत होते.

नावेनं रतनवाडीला जायचं ठरलं. नावाडी पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. अम्मीला फळीवर बसवेना म्हणून त्यांनी तिला खाली, नावेच्या तळाशी गोधडी अंथरून दिली. आमच्या सामानात पाच किलोचा छोटा सिलिंडर होता, वरच बर्नर बसवलेला. सहलीला आम्ही तो नेहमी नेतो. नावाड्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, “हे काठावर ठेवा, ताई.” आम्ही म्हटलं, “पेटवणार नाही हो, पलीकडं उतरल्यावर लागेल.” ते गप्प राहिले. आमचा शब्द त्यांनी खरा मानला.

अर्धं पाणी कापलं आणि वारा बोचू लागला. अम्मीला खोकल्याची उबळ आली. नाव थोडी थांबवून फोटो काढायचे होते, तेवढ्यात घोटभर चहा करू, असा विचार आमच्याच मनात आला. नावाडी पुढच्या टोकाला दोरी गुंडाळत होते. थोरल्यानं बर्नर पेटवला, आम्ही वाऱ्याला आड म्हणून चादर धरली. चहाचं आधण ठेवलं आणि फोटो काढण्यात रमलो. केव्हातरी वाऱ्याच्या झोतानं ज्योत विझली. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते अम्मीच्या. “अरे, काहीतरी कुजल्यासारखा वास येतोय,” ती म्हणाली. ती सगळ्यांत खाली बसली होती म्हणून वास पहिल्यांदा तिला आला. थोरल्यानं पातेल्याखाली वाकून पाहिलं, “विझलाच की हा,” म्हणाला आणि पुन्हा काडी ओढायला गेला.

“काडी नको!” नावाडी ओरडले. एका ढांगेत आले, काडेपेटी हिसकावली, सिलिंडरची चावी बंद केली. इंजिन बंदच होतं, ते त्यांनी सुरू केलं नाही. अम्मीला उचलून वर फळीवर बसवलं, चादर काढायला लावली आणि वल्ही हातात घेतली. जवळच्या काठाला लागेपर्यंत कोणी बोललं नाही. आम्ही मनातल्या मनात कलमा पढत होतो.

काठावर सगळ्यांना उतरवून त्यांनी तळाच्या फळ्या उचलल्या. मग पाणी उपसायचा डबा घेतला आणि कोरड्याच नावेतून काहीतरी उपसून बाहेर टाकू लागले. मुलं हसली. ते म्हणाले, “हसू नका. हा गॅस पाण्यासारखाच खाली साचतो. उपसल्याशिवाय आणि वारा लागल्याशिवाय जात नाही.”

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्युटेन सुमारे दुप्पट जड. घरात गळती झाली तर दार उघडून तो बाहेर जाऊ देता येतो. नाव मात्र वाटीसारखी असते, तिच्या तळाला दार नसतं. हवेत या गॅसचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेलं तरी एक ठिणगी पुरते, मग ती काडीची असो की इंजिनाची. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. अम्मीच्या नाकानं त्या दिवशी आम्हा सहाजणांना वाचवलं. अल्लाहची मेहरबानी, दुसरं काय?

“चहूकडे पाणीच तर आहे, आग लागली तरी विझेल,” असं आम्हाला वाटायचं. पण 11 नोव्हेंबर 2023 रोजी श्रीनगरच्या दल सरोवरात पाण्यावरच पाच हाउसबोटी जळाल्या आणि तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी 26 ऑगस्टला मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात नियम मोडून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि लखनौकडून यात्रेला निघालेल्या नऊजणांचा जीव गेला. अडचण जागेची असते. नावेत काय, डब्यात काय, पळायला वाट नसते.

रतनवाडीला पोहोचून आम्ही जुहर अदा केली. हा भाग अभयारण्याचा, रानात जाळ करायचा नाही, म्हणून सिलिंडर पिशवीतच राहिला. गावातल्या एका घरी विचारलं, तर त्या बाईंनी चुलीवर गुळाचा चहा करून दिला. नावाडीही आमच्यासोबत बसले. आम्ही माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, “म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन येता, तर ऐकत जा.”

ऐकायचं काय, ते आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नाव चालू असो की थांबलेली, तिच्यात गॅस पेटवायचा नाही. चहा थर्मासमध्ये भरून न्यायचा. मुळा धरण असो, नाथसागर असो की उजनीचं पाणी, गॅस लागणारच असेल तर काठावर, मोकळ्या आणि सपाट जागी. सिलिंडर उभाच ठेवायचा. जोडणी साबणाच्या फेसानं तपासायची, काडीनं कधीच नाही. आधी काडी पेटवायची, मग चावी फिरवायची. बर्नर सिलिंडरवरच असेल तर भोवती पत्रा किंवा कापड गुंडाळायचं नाही, सिलिंडर तापतो. ओढणीचा पदर खोचून घ्यायचा. पेटत्या गॅसजवळून उठायचं नाही. वास आला तर चावी बंद, काडी नाही, बटण नाही, इंजिन नाही. गळतीसाठी 1906 हा मदत क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा शाई नको.

परतताना अम्मीनं मुलांना एक हदीस आठवण करून दिली. मदिन्यात एका रात्री एक घर माणसांसकट जळालं. ते कळल्यावर नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटलं आणि झोपण्यापूर्वी ती विझवून टाकायला सांगितलं. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादी, आपण तर जागे असून झोपलो होतो.”

रोज स्वयंपाकघरात आपण ज्या आगीवर भाकरी भाजतो, तिची सवय होते आणि सवयीनं धाक जातो. भंडारदऱ्याला जरूर जा. डोंगर पाहा, पाणी पाहा, अल्लाहची कुदरत पाहा. फक्त नावेत बसताना काडेपेटी काठावर ठेवा आणि नावाड्याचं ऐका. आम्ही ऐकलं नव्हतं.