संगणकाची दृष्टी

कृष्णधवल छायाचित्रात आपणांस फूल दिसते. संगणकास केवळ अंक दिसतात. काळ्या ठिपक्यास ०, शुभ्रास २५५, मधल्या छटांस मधले अंक. एवढ्यावरून त्यास चित्र ओळखावयास शिकविणे, हाच माझा व्यासंग.

आरंभी स्नेही विचारीत, “यातून काय हाती लागणार?” तेव्हा जेफ्री हिंटन यांचे उदाहरण मला धीर देई. संगणकाने स्वतःच्या चुकांवरून कसे शिकावे, हे त्यांनी १९८६ साली सहकाऱ्यांसह दाखविले. पुढे पुष्कळांचा त्यावरील विश्वास उडाला. त्यांचा ढळला नाही. २०१२ साली त्यांनी दोन शिष्यांसह घडविलेली प्रणाली चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत पहिली आली. २०२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

आज मी संगणकास क्ष-किरणचित्रांतील व्याधीच्या खुणा शिकवितो. मुलांनो, प्रत्येक चित्रामागे कोणाची तरी आई असते. म्हणून त्याचे उत्तर मी पुनःपुन्हा पडताळून पाहतो.