कहा-सुना माफ

टोरांटोची तिकिटं हातात आली त्या रात्री आम्ही दोघं नवरा-बायको एक वही घेऊन बसलो. ज्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही, त्यांची नावं लिहून काढली. खाला, फुफी, मामू, शाळेचे गुरुजी, कबरस्तानातले अब्बा. एक नाव मात्र दोघांनीही घेतलं नाही. ते दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या खेड-दापोलीकडे परदेशी जाणारा माणूस घरोघर सलाम करून येतो. त्यात नवल ते काय? आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते. अब्बा कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा ते बसरा, बगदाद करत अम्मानला पोचले आणि एका पिशवीनिशी एअर इंडियाच्या विमानाने परत आले. पण आले. आखातात माणूस कितीही वर्षं राबला तरी तिथला होत नाही. व्हिसा संपला की गाव आहेच. म्हणून त्या निरोपांत रडारड असली तरी 'दोन वर्षांनी सुट्टीवर येईलच' हा दिलासा असायचा. आमचा कागद वेगळा होता, कायमच्या वास्तव्याचा. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण प्रत्येक घरात चहाचा कप ठेवताना हात जरा थबकत होता.

खालाने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी समोर ठेवली आणि आमचं जेवण होईपर्यंत जागची हलली नाही. फुफीला आता दिसत नाही. तिने आमच्या पोराचा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, "हयाती असली तर भेटू." गुरुजींनी पोराच्या हाती अंकलिपी दिली आणि विचारलं, "तिकडे याला मराठी कोण शिकवणार?" "आम्ही," असं पटकन म्हणालो खरं, पण बाहेर पडल्यावर एकमेकांकडे बघायचं टाळलं. अब्बांच्या कबरीवर फातेहा पढली, वाढलेलं गवत उपटलं.

प्रत्येक उंबऱ्यावर आम्ही म्हणत होतो, "कहा-सुना माफ करना." सगळे म्हणत, "माफ केलं, तुम्हीही करा." तीन दिवसांत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं, की त्याचा अर्थच जाणवेना. ज्यांनी आमच्यावर माया केली, त्यांच्याकडे माफी मागायला काय लागतं?

राहिली होती ती शेजारची चाची. अब्बांची चुलतभावजय.

२००९ साली आम्ही घराभोवती चिऱ्यांचं कंपाऊंड घातलं. चाचीची विहिरीवर जायची पाखाडी आमच्या हद्दीतून जात होती. ती बंद झाली. तिने एकदा विचारलं, "मी कुठून जाऊ?" आम्ही सातबारा दाखवला. कागदावर आम्ही बरोबर होतो. त्यानंतर ती डोक्यावर हंडा घेऊन सडकेवरून वळसा घालून जायची आणि आम्ही खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करायचो.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा तिच्या ओटीवर गेलो. तिने चहा केला, पोराला जवळ घेतलं. आम्ही ते पाठ झालेलं वाक्य म्हणालो. चाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बोललात ते मी कधीच विसरले. पण हंडा घेऊन जे फेरे मारले, ते माफ करायचे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. लहानपणी मदरशात ऐकलेलं आठवलं. अल्लाचा हक्क चुकला तर अल्ला माफ करील, पण बंद्याचा हक्क बुडवला तर त्या बंद्यालाच विचारावं लागतं. ते तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. माणूस हंडा घेऊन जाईल एवढी वाट भिंतीत मोकळी केली. गवंडी हसला. म्हणाला, "आता कशाला? तिच्या दारात नळ आलाय. गुडघ्यांनी ती विहिरीवर जातेय कुठे?" खरंच होतं ते. तरी चिरे काढून घेतले.

निघायच्या सकाळी चाची काठी टेकत त्याच वाटेने आली. पोराच्या उजव्या दंडाला हिरव्या फडक्यात बांधलेला रुपया, इमाम जामीन, बांधला. "पोचल्यावर खैरात करा," एवढंच म्हणाली. आमच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि आल्या वाटेने परत गेली.

इथल्या मशिदीच्या पेटीत आम्ही खैरातीचे डॉलर टाकले. तो रुपया मात्र टेबलाच्या खणात तसाच आहे, फडक्यासकट. दर जुम्म्याला फोन होतो. चाची थंडीची, पोराच्या अंकलिपीची चौकशी करते. वाटेवर गवत वाढलंय म्हणते. 'माफ केलं' असं ती अजून म्हणालेली नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर आम्हाला अजून झालेला नाही.